पी३४००

पी३४०० हा मोटारीच्या संगणकात नोंदला जाणारा दोषसंकेत आहे. इंजिनाच्या पहिल्या बाजूची (बँक १) सिलिंडर बंद करणारी यंत्रणा हुकमाप्रमाणे वागत नाही, एवढेच तो सांगतो. दुसऱ्या बाजूसाठी पी३४९७ हा संकेत आहे. नेमका कोणता भाग बिघडला हे त्यावरून कळत नाही. म्हणून स्कॅनरवर आकडा दिसताच सोलेनॉइड (ऑइलची वाट उघडणारी-मिटणारी विजेवरची झडप) बदलायला घेणे ही या कामातली महागडी घाई ठरते.

हमरस्त्यावर एका वेगात धावताना आठ सिलिंडरच्या इंजिनाची सगळी ताकद लागत नाही. तेव्हा इंधन वाचवण्यासाठी निम्मे सिलिंडर बंद ठेवतात. कॅडिलॅकने १९८१ मध्ये असा प्रयोग केला होता, पण त्या वेळच्या संगणकांना तो झेपला नाही. क्रायस्लरच्या ५.७ लिटर हेमी इंजिनात १, ४, ६ आणि ७ हे सिलिंडर बंद होतात. त्याचा प्रज्वलनक्रम, म्हणजे सिलिंडरांत इंधन पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२ असा आहे. म्हणजे एकाआड एक सिलिंडर विसावतो आणि इंजिनाची लय टिकते. जनरल मोटर्सच्या ५.३ लिटर इंजिनाच्या जुन्या आवृत्त्यांतही हेच चार सिलिंडर थांबतात.

हे सारे चालते ऑइलच्या दाबावर. सोलेनॉइड उघडला की ऑइल लिफ्टरमध्ये (कॅमची हालचाल व्हॉल्व्हकडे पोचवणाऱ्या दट्ट्यात) शिरून आतल्या खिळ्या मागे ढकलते. मग कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता उंचवटा) फिरत राहतो, पण लिफ्टर आतल्या आत दबतो आणि व्हॉल्व्ह (सिलिंडरच्या झडपा) मिटलेलेच राहतात. म्हणून तपासणीची सुरुवात डिपस्टिकपासून (ऑइलची पातळी दाखवणाऱ्या पट्टीपासून) करावी. पातळी खाली गेली आहे का? ऑइल काळे, गाळ धरलेले आहे का? कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचे आहे का? हेमीला ५डब्ल्यू-२० लागते. त्याहून जाड ऑइल घातले तर या खिळ्यांची हालचाल मंदावते. जनरल मोटर्सच्या या इंजिनात ऑइल-दाब सेन्सरच्या खाली बोटाच्या पेरापेक्षाही लहान जाळी असते. ती गाळाने तुंबली की दाब ठीक असूनही सेन्सर चुकीचा आकडा देतो. अशा वेळी सेन्सरच्या जागी साधा यांत्रिक गेज लावून खरा दाब पाहावा.

दाब बरोबर निघाला तर कनेक्टर, वायरिंग आणि सोलेनॉइडचा रोध मल्टिमीटरने तपासावा. जोडीला पी३४०१ (सिलिंडर १) किंवा पी३४२५ (सिलिंडर ४) असेल तर शोध त्या सिलिंडरच्या विद्युत मंडलापुरता आटोपतो. मिसफायर (सिलिंडरात इंधन नीट न पेटणे) आणि टकटक असा आवाज दोन्ही असतील तर लिफ्टर अडकल्याचा संशय घ्यावा. व्हॉल्व्हवरचे झाकण काढून इंजिन हाताने फिरवले की शेजारचे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) वरखाली होतात, लिफ्टर अडकलेल्या सिलिंडरचा रॉकर जागचा हलत नाही. तेव्हा मात्र इंजिन उघडण्याला पर्याय नसतो.

चाकणला बनणाऱ्या स्कोडा कुशाक, फोक्सवॅगन टायगुन या गाड्यांच्या १.५ लिटर इंजिनात दुसरा व तिसरा सिलिंडर बंद होतो. तिथे ऑइलचा दाब नव्हे, तर विद्युतचुंबकी खिळी कॅमचा तुकडा बाजूला सरकवते. त्यामुळे तिथे ही खिळी हलवणारा अ‍ॅक्च्युएटर आणि त्याच्या वायरिंगकडे आधी पाहावे लागते.