दुधातलं औषध आणि चांदीची पट्टी

आर्वी तालुक्यातल्या आमच्या घरी एका सकाळी मोठ्या आईनं दह्याचा गंज उघडला आणि ती तशीच उभी राहिली. रात्री लावलेलं विरजण तळाशी बसलेलं, वर दूध जसंच्या तसं पातळ. "इरजन तं रोजचंच हाय, मंग दही काहून नाही लागलं?" गोठ्यातून मोठे बाबा म्हणाले, "गाईले सुई देल्ली ना डॉक्टरनं परवा." आमच्या जर्सीला दगडी झाली होती. एक सड सुजून टणक पडला होता, म्हणून डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं होतं.

ते औषध कासेतल्या रोगजंतूंसाठी होतं, पण दुधात उतरल्यावर त्याला दह्याचे जिवाणूही सारखेच. त्यांची वाढ थांबली, आंबटपणा तयार झाला नाही आणि दही लागलं नाही. मला आजही टोचतं ते पुढचंच. तेच दूध त्या सकाळी संकलन केंद्रावर गेलं होतं. तिथे फॅट पाहिली, दाटपणाची डिग्री पाहिली आणि दूध घेतलं. औषधाचं कुणी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही.

मोठ्या दूध प्रकल्पांच्या प्रयोगशाळेत औषध शोधायची एक जुनी पद्धत आहे, ती थेट या गंजाचीच बहीण. उष्णतेत वाढणारे जिवाणू जांभळ्या रंगाच्या जेलीत ठेवतात, त्यावर दुधाचा थेंब टाकतात आणि ६४ अंश सेल्सिअसला सुमारे ३ तास ठेवतात. जिवाणू वाढले तर आम्ल तयार होऊन जेली पिवळी पडते. जांभळीच राहिली तर दुधात काहीतरी आहे. पण काय आहे? पेनिसिलिन की टेट्रासायक्लिन? जिवाणू नाव सांगत नाहीत. आणि नाव कळणं गरजेचं आहे, कारण प्रत्येक औषधाची मर्यादा वेगळी. कोडेक्सच्या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनुसार १ लिटर दुधात टेट्रासायक्लिन १०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं, म्हणजे १० हजार लिटरच्या अख्ख्या टँकरमध्ये १ ग्रॅम. पेनिसिलिन मात्र लिटरला ४ मायक्रोग्रॅमच. अडीच लाख लिटरला १ ग्रॅम!

एवढ्याशा औषधानं काय होतं, असं वाटत असेल तर गिधाडं आठवा. माझ्या वडिलांच्या लहानपणी ढोर मेलं की घटकाभरात आभाळ गिधाडांनी भरायचं. ती का संपली, हे २००४ मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून कळलं. दुखण्यावर गुराला दिलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसात उरतं आणि ते खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. चार-पाच किलोच्या गिधाडाला साधारण १ मिलिग्रॅम पुरतं. आपण पाठ दुखली की घेतो त्या ५० मिलिग्रॅमच्या गोळीचा पन्नासावा भाग. भारतात २००६ मध्ये गुरांसाठी हे औषध बंद झालं. गडचिरोलीत वनखात्यानं गिधाडांसाठी उपाहारगृहं केली. तिथे ठेवलेल्या जनावरात हे औषध नाही, याची खात्री करण्यावरच सगळं अवलंबून.

म्हणजे हवी आहे अशी चाचणी, जी टँकरमधला ग्रॅम शोधेल आणि त्याचं नावही सांगेल. त्या दिशेनं जाणारी एक वाट चांदीची आहे.

बाजारात मडकं घेताना बाया बोटाच्या पेरानं टिचकी मारतात. पक्कं भाजलेलं मडकं खणखणतं, कच्चं बद्द वाजतं, तडा असेल तर आवाज फाटतो. रेणूलाही अशी टिचकी मारता येते, प्रकाशाची. रेणूवर आदळून परतणाऱ्या प्रकाशाचा थोडासा भाग रंग किंचित बदलून येतो, कारण रेणूच्या थरथरण्यात त्याची थोडी ऊर्जा जाते किंवा तिथून थोडी मिळते. प्रत्येक रेणूची थरथर वेगळी, म्हणून हा बदलही त्याच्या एकट्याचा. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी हे २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात दाखवलं आणि १९३० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्याआधी, १९१०च्या सुमारास, सरकारच्या अर्थखात्यातले तरुण अधिकारी म्हणून रामन आपल्या नागपुरात काही महिने नोकरीला होते. विदर्भातल्या शाळेत विज्ञान दिन साजरा होतो तेव्हा हे पोरांना आवर्जून सांगावं, असं मला वाटतं.

अडचण एकच, हा आवाज फार बारीक आहे. साधारण कोटभर प्रकाशकणांतला एखादाच रंग बदलून येतो. शुद्ध पावडर समोर असेल तर चालतं. दुधात चिमटीच्या हजाराव्या भागाइतकं औषध असेल तर काहीच ऐकू येत नाही.

१९७४ मध्ये इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टन विद्यापीठात खरबरीत केलेल्या चांदीवर पिरिडिन नावाचा रेणू बसवून पाहिला, तर आवाज अचानक मोठा आला. १९७७ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी हिशेब मांडला. वाढ लाखपटीहून जास्त होती, आणि जास्त रेणू चिकटले एवढ्यानं तिचा उलगडा होत नव्हता. करामत चांदीचीच होती.

चांदीच्या कणातले इलेक्ट्रॉन मोकळे असतात. डोक्यावरच्या घागरीत पाणी हिंदकळतं तसे ते प्रकाशाच्या लहरीबरोबर हिंदकळतात. चालीचा ठेका पाण्याच्या ठेक्याशी जुळला की पाणी घागरीबाहेर उसळतं. तसा योग्य रंगाचा प्रकाश पडला की कणाच्या पृष्ठभागाशी विद्युतक्षेत्र उसळतं. दोन कण अगदी जवळ असतील, मधे एक-दोन नॅनोमीटरचीच (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) फट असेल, तर त्या फटीत सगळ्यात जास्त. औषधाचा रेणू नेमका तिथे सापडला की त्याचा बारीक आवाज खणखणीत येतो. १९९७ मध्ये तर एकट्या रेणूचीही अशी ओळख पटवल्याचं जाहीर झालं.

अशा कणांचा थर करायचा कसा? एका पद्धतीत निर्वात पेटीत चांदी तापवून तिची वाफ काचेवर बसवतात. थर काही नॅनोमीटरचाच ठेवला तर चांदी सपाट पसरत नाही. अळवावरच्या पाण्यासारखी तिची बेटं बेटं होतात, आणि आपल्याला हवं असतं तेच. दुसरी पद्धत स्वस्त. मतदानाच्या शाईत असतं तेच सिल्व्हर नायट्रेट पाण्यात घेऊन उकळायचं आणि त्यात सोडियम सायट्रेट टाकायचं. हे लिंबू-संत्र्यातल्या आम्लाचंच क्षार. काचेसारखं स्वच्छ पाणी बघता बघता पिवळसर होतं, मग मातकट हिरवट. तो रंग चांदीच्या कणांचा. हे कण काचेवर, कागदावर, अगदी सुती कापडावरही बसवतात. कापसाच्या एका तंतूच्या जाडीत असे दोन-तीनशे कण ओळीनं मावतील.

धातूचे असे कण गावात आधीच आलेत. आशाताईंच्या पिशवीतल्या गर्भचाचणीसारख्या पट्ट्यांवर उमटणारी लाल-गुलाबी रेघ बहुधा सोन्याच्या नॅनोकणांचीच असते. पण ती रेघ एकाच गोष्टीसाठी बांधलेली. चांदीच्या थराकडे एकाच मोजणीत वेगवेगळ्या औषधांची ओळख पटवण्याची ताकद आहे.

प्रयोगशाळेत हे जमतं. मग गोठ्यात का नाही? मला यातला खरा अडथळा दूधच वाटतं. केसिन हे दुधातलं प्रथिन आणि स्निग्धांश औषधाच्या आधी चांदीवर जाऊन बसतात. म्हणून आधी आम्ल टाकून दूध फाडायचं, पनीर करतो तसं, आणि गाळलेल्या निवळीचा थेंब घ्यायचा. पण टेट्रासायक्लिन कॅल्शियमला आणि प्रथिनांना धरून बसतं, त्यातलं थोडं चोथ्यातच जातं. थेंब वाळतानाही दगा देतो. ओट्यावर सांडलेल्या चहाचा डाग कडेला गडद असतो ना, तसंच इथे होतं, म्हणून एकाच पट्टीवर दहा जागी मोजलं तर दहा आकडे. आणि चांदी काळवंडते. मोठ्या आईची जोडवी काळी पडतात ती हवेतल्या गंधकानं. मोठी आई ती राखेनं घासते, पण नॅनोकणांचा थर कोण घासणार? पाकीट फोडलं की पट्टी लगेच वापरावी लागते. प्रकाशाचा हा रंगबदल मोजणारं, हातात मावणारं रामन यंत्र निघालं आहे, पण त्याची किंमत लाखांत. ते एकेका शेतकऱ्यानं घेण्याची गोष्ट नाही, संकलन केंद्रानं घेण्याची आहे.

मागच्या दिवाळीत हे सगळं मी मोठ्या आईला सांगत होतो. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुया त्या पट्टीनं समजन का, सुई देल्ल्यावर कितीक दिवस दूध बाजूले ठेवाचं?" आज ते दिवस औषधाच्या लेबलवर छापलेले असतात आणि तेच पाळायचे. पण गाय अशक्त असेल, सूज जास्त असेल किंवा औषध ठरल्यापेक्षा जास्त दिवस दिलं असेल तर ते पुरतीलच असं नाही. पट्टीनं हे गाईगणिक सांगता यावं, यासाठीच तर ही खटपट.

तिची स्वतःची पद्धत आता ठरली आहे. सुई दिली की गाईच्या शिंगाला लाल चिंधी बांधायची, म्हणजे धार काढायला कुणीही बसलं तरी त्या गाईचं दूध वेगळ्या बादलीत पडतं. लेबलवरचे दिवस सरले की वाटीभर दुधाला विरजण लावायचं. दही लागलं तरी चिंधी आणखी एक दिवस तशीच ठेवायची.