अमरावतीचा कापूस, मुळशीचं पाणी

रुईचा घाऊक भाव आजही खंडीवर सांगतात. एक खंडी म्हणजे 784 पौंड, आपल्या मापात 356 किलोच्या आसपास. किलो-क्विंटल येऊन इतकी वर्षं झाली तरी हा आडनिडा आकडा टिकून आहे. 784 पौंड म्हणजे बरोबर सात इंग्रजी हंड्रेडवेट (एक हंड्रेडवेट 112 पौंडांचं). मुंबईहून माल धाडणारा आणि इंग्लंडात तो उतरवून घेणारा, या दोघांच्या सोयीचा आकडा. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला नावसुद्धा होतं, ‘ऊमराज’. उमरावती, म्हणजे अमरावती, हा शब्द गोऱ्या दलालांच्या तोंडी असा झाला.

विदर्भातली आटलेली गायरानं, मुंबईच्या किनाऱ्यावरचे भराव आणि मुळशीचं धरण हे आपल्याकडे तीन निरनिराळे विषय म्हणून बोलले जातात. माझ्या मते ती एकाच व्यवहाराची तीन टोकं आहेत, आणि तो व्यवहार कापसाचा आहे.

रेल्वे येण्याआधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून जाई. वंजाऱ्यांचे तांडे तो गंगाकाठच्या मिर्झापूरला नेत किंवा घाट उतरून मुंबईला आणत. महिनोन्‌महिने चालणारा हा प्रवास. वाटेत धूळ बसायची, पाऊस गाठायचा, आणि बैलांना चारा लागत असल्यामुळे रस्त्याकडेची कुरणं राखावीच लागायची. बैलाच्या चालीने जेवढा जाईल तेवढाच माल बाहेर जाई. पेऱ्याला आपोआप लगाम होता.

1853 साली दोन गोष्टी घडल्या. निजामाकडून वऱ्हाडचा कारभार कंपनीने आपल्या हातात घेतला, आणि 16 एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. (ही तारीख ध्यानात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.) इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा सुमारे तीन चतुर्थांश कापूस तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या मळ्यांतून, गुलामांच्या श्रमावर पिकून येत होता. एवढं एकाच ठिकाणावर विसंबून राहणं बरं नाही, हे मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांना कळत होतं. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर आणि तिथवर जाणाऱ्या रुळांवर त्यांची नजर होती ती त्यामुळेच.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं कोंडली आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसाअभावी थंडावल्या. मुंबईत भाव कडाडले. लोकांनी गाद्या उसवून आतला कापूस विकला, असं सांगतात. चार वर्षांत कोट्यवधी पौंड या शहरात ओतले गेले. त्या पैशाला वाट हवी होती. बँका निघाल्या, आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्याही. बॅकबेच्या शेअरांचा सट्टा हा त्यातला सगळ्यांत गाजलेला. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि शेअरांचे कागद रद्दी झाले. प्रेमचंद रायचंदांसारखा बाजाराचा अनभिषिक्त राजाही बुडाला. आईच्या नावाने त्यांनी देणगी दिलेला राजाबाई टॉवर मात्र 1878 मध्ये पुरा होऊन उभा राहिला. सट्टा संपला तरी भराव थांबले नाहीत. हार्बर लाइनवरचं कॉटन ग्रीन स्टेशन ज्या पट्ट्यात आहे तिथली बरीचशी जमीन पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्ट ट्रस्टने माझगाव-शिवडीच्या खाजणात भर घालून काढली. कापसाच्या गाठी ठेवायला जागा पुरेना, म्हणून कापसाचा बाजार कुलाब्याहून तिकडे हलला.

रूळ 1865 पर्यंत थळ घाट चढून भुसावळला पोचले आणि 1867 मध्ये नागपूरला. 1870 साली खामगावला फाटा गेला, त्याच्या उद्‌घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. तालुक्याच्या गावी व्हाइसरॉय येतो, यावरून कापसाची किंमत समजावी. ब्रॉडगेजच्या एका मैलाला साधारण 1,760 स्लीपर लागत. मुंबई-नागपूर 520 मैल. म्हणजे एकेरी मार्ग धरला तरी नऊ लाखांवर स्लीपर, आणि लाकडी स्लीपर काही वर्षांत कुजून बदलावे लागत. सगळं लाकूड इथलंच होतं असं नाही. बरेचसे पाइनचे स्लीपर, कुजू नयेत म्हणून क्रिओसोट हे डांबरी तेल पाजून, जहाजाने विलायतेहून येत. पण देशातल्या जातींत सागवान, साल, देवदार एवढ्याच टिकाऊ ठरल्या आणि कुऱ्हाड त्यांच्यावर पडली. झाडं संपतील या धास्तीनेच 1864 मध्ये जंगल खातं निघालं. त्याचा पहिला प्रमुख डीट्रिख ब्रँडिस नावाचा जर्मन. पाठोपाठ 1865 आणि 1878 चे कायदे आले. रुळांनी जंगल खाल्लं, आणि उरलेलं राखायचं म्हणून गावाची गुरं बाहेर काढली गेली. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये याच खात्यावर कोरडा ओढला आहे: डोंगर, दरीखोरी, पडीत जमिनी, गायरानं सगळी त्यात ओढून घेतल्यामुळे गरिबाच्या शेरडाकरडांना रानचा वारा खायलाही जागा उरली नाही.

वऱ्हाडात तेव्हा काय चाललं होतं ते आतून पाहायला हवं. ज्वारी पेरली की कणसाबरोबर कडबा मिळतो. माणूस जेवतं आणि बैलही. कपाशीचं तसं नाही. बोंडं वेचून झाली की उरतात त्या पऱ्हाट्या, चुलीत घालायच्या लायकीच्या. म्हणजे कापसाचा पेरा वाढला की धान्य आणि चारा दोन्ही एकदम घटतात, आणि त्याच वेळी पडीक जमीन नांगराखाली आल्याने चराईही जाते. विसावं शतक उजाडलं तेव्हा कापूस ज्वारीच्या बरोबरीला येऊन बसला होता. सरकारी दप्तरात वऱ्हाड हा दुष्काळाचं भय नसलेला मुलूख गणला जाई. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी तो समज पुसून टाकला. दुसऱ्या खेपेला तर गुरं पटापटा मेली. नगदी पिकाने हातात रोकड येते हे खरं, पण बाजारात दाणे महागले आणि कडबा कुठेच नाही, तेव्हा ती रोकड किती पुरणार? आजही विदर्भात गायरानाला ‘ई-क्लास’ म्हणतात. पूर्वीच्या चराईचं गावात बहुधा हे नावच काय ते शिल्लक असतं.

इकडे मुंबईत कावसजी दावरांनी 1854 मध्ये पहिल्या सूतगिरणीची कंपनी काढली होती. 1856 ला ताडदेवला ती सुरू झाली. 1914 च्या सुमारास शहरात ऐंशीहून अधिक गिरण्या होत्या. त्यांचं जाडंभरडं सूत कित्येक वर्षं मोठ्या प्रमाणात चीनला जात होतं. म्हणजे वऱ्हाडची माती, मुंबईचा धूर आणि गिऱ्हाईक शांघायचं. जवळपास कोळशाची खाण नाही, त्यामुळे कोळसा बंगालमधून आणि सातासमुद्रापलीकडून यायचा. बॉयलर पेटले की परळ-लालबागच्या चाळींवर काजळी उतरायची. दोरीवर वाळत घातलेलं धोतर संध्याकाळी राखट निघायचं. 1912 मध्ये मुंबईसाठी धूर-उपद्रवाचा खास कायदा करावा लागला. कायद्याने धूर कितपत आटोक्यात आला असता कोण जाणे, पण गिरणीमालकांना महागड्या कोळशापासूनच सुटका हवी होती.

ती सुटका सह्याद्रीत होती. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात जातो. तो धरणांत अडवायचा आणि नळांतून पश्चिमेला सोडायचा. दीड हजार फुटांहून अधिक उंचीवरून पडणाऱ्या पाण्यावर जनित्रं फिरतात. कल्पना जमशेटजी टाटांच्या हयातीतली, काम त्यांच्या मागे झालं. 1911 मध्ये लोणावळ्याला पायाभरणी, 1915 मध्ये खोपोलीहून गिरण्यांना वीज. पुढे मावळातल्या आंध्रा नदीच्या पाण्यावर भिवपुरीचं वीजघर, आणि मुळा नदीवर मुळशीचं धरण बांधून 1927 मध्ये भिऱ्याचं.

मुंबईच्या दृष्टीने याहून स्वच्छ काही नव्हतं. मुळशीच्या दृष्टीने पन्नासेक गावं पाण्याखाली जाणार होती, आंबेमोहराची भातखाचरं धरून. 16 एप्रिल 1921 ला, पहिली गाडी सुटली त्याच तारखेला, रामनवमीच्या दिवशी मावळे बांधकामाच्या जागी सत्याग्रहाला बसले. विनायकराव भुस्कुटे पुढे होते. पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ ही उपाधी याच लढ्याने दिली. लढा तीनेक वर्षं चालला आणि हरला. त्यातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेल्या होत्या, त्यामुळे भरपाई देऊन मोकळं व्हावं असं वाटणारे पुण्यातही होतेच. खाचरं कसणाऱ्याच्या हाती त्या पैशातलं किती लागलं असेल, याचा अंदाज करायला फार डोकं लागत नाही.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर गिरणगाव उठलं ते उठलंच. मुंबईचा धूर गेला. कापड विणायचं थांबलं नाही, ते भिवंडी-इचलकरंजीला गेलं. इचलकरंजीत कापडावरच्या प्रक्रियेचं सांडपाणी पंचगंगेत जातं, आणि खालच्या बाजूचं शिरोळ त्यावरून वर्षानुवर्षं भांडत आहे. वऱ्हाडात 2002 नंतर बोंडअळीला रोखण्यासाठी जनुक बदललेलं बीटी बियाणं आलं. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले.

ज्या गिरण्यांसाठी मुळशी बुडवली त्यांच्या जागी आता मॉल आणि चाळीस-चाळीस मजली इमारती आहेत. पाणी अजूनही घाट ओलांडून पश्चिमेलाच जातं. उन्हाळ्यात भीमेचं पात्र उघडं पडलं की ते पूर्वेकडे वळवा, ही मागणी निघते. मग बैठका होतात, पत्रं जातात, आणि जूनमध्ये पाऊस आला की फाइल मिटते.