हृदय मिनिटाला किती रक्त फेकतं: सूत्र १८७० चं, माप ६० वर्षांनी

हृदय मिनिटाला किती लिटर रक्त पुढे ढकलतं, डॉक्टरांच्या भाषेत कार्डियाक आउटपुट, हे मोजायचं सूत्र जर्मनीत अडॉल्फ फिकनं १८७० मध्येच सांगून ठेवलं होतं. त्याआधी १६२८ मध्ये विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरनं ढोबळ हिशोब केलेला, की अर्ध्या तासात हृदयातून अंगातल्या एकूण रक्तापेक्षा जास्त रक्त जातं, म्हणजे तेच रक्त गोल फिरत असणार, पण तो तर्क होता.

फिकचं गणित शाळेतल्या मुलालाही जमेल. समजा शरीर मिनिटाला २५० मिली ऑक्सिजन वापरतंय, धमनीतल्या लिटरभर रक्तात २०० मिली आहे आणि हृदयाकडे परत आलेल्या रक्तात १५०, म्हणजे लिटरमागे ५० खर्च झाला, आता २५० ला ५० नं भागा, ५ लिटर! आराम करत असलेल्या मोठ्या माणसाचं साधारण एवढंच असतं.

खरी अडचण होती ते परत आलेलं रक्त मिळवायची. हाताच्या शिरेतलं चालत नाही, कारण प्रत्येक अवयव वेगवेगळा ऑक्सिजन खातो आणि सगळीकडचं रक्त नीट मिसळतं ते हृदयाच्या उजव्या बाजूला गेल्यावरच. कुत्र्या-घोड्यांवर हे १९ व्या शतकातच करून झालं, पण जिवंत माणसाच्या हृदयात नळी कोण घालणार?

१९२९ मध्ये जर्मनीतल्या एबर्सवाल्डच्या वेर्नर फोर्समान या तरुण सर्जननं ती स्वतःच्याच हातातल्या शिरेतून ६५ सेंटीमीटर आत सरकवली आणि तशीच नळी घेऊन चालत एक्स-रे काढायला गेला. त्याला खरं तर औषध थेट हृदयात पोचवायचं होतं. कौतुक सोडा, उलट टीकाच झाली, शेवटी तो युरॉलॉजीकडे, म्हणजे मूत्रविकारांकडे वळला. पण पुढच्याच वर्षी प्रागच्या ओटो क्लाइननं तीच पद्धत वापरून फिकचं सूत्र माणसावर लावून दाखवलं, आणि त्याचं नाव आज जवळपास कुणी घेत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलात कूर्नां आणि रिचर्ड्स यांनी हे रोजच्या वापरात आणलं, १९५६ चं नोबेल या दोघांना आणि फोर्समानला मिळालं.

१९७० मध्ये स्वान आणि गान्झ यांचा टोकाला फुगा असलेला कॅथेटर, म्हणजे हृदयात घालायची बारीक नळी, आला, मग थंड सलाईन सोडून रक्ताचं तापमान किती बदलतं त्यावरून आउटपुट काढणं आयसीयूत नेहमीचं झालं. पुढे मोठ्या चाचण्यांत या कॅथेटरमुळे जास्त पेशंट वाचतात असं काही दिसलं नाही, त्यामुळे तो आता निवडक पेशंटनाच घालतात, बाकीच्यांचं बऱ्याचदा इको-डॉपलरवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर भागतं.