तार एक, नेटवर्क दुसरं: लॉजिकल डायग्रामची पार्श्वभूमी

डिसेंबर १९६९ मध्ये आर्पानेट, म्हणजे इंटरनेटचं अमेरिकेतलं पूर्वरूप, चारच ठिकाणी होतं आणि त्याचं चित्रही तेवढंच: चार गोल, चार चौकोन, हाताने ओढलेल्या रेघा. पुढे ठिकाणं वाढली तसे नकाशे दोन निघू लागले. एकात अमेरिकेच्या भूगोलावर लाइनी दाखवलेल्या. दुसऱ्यात भूगोल बाजूला सारून कोणत्या नोडला (नेटवर्कच्या जोडठिकाणाला) कोणता कॉम्प्युटर जोडलाय एवढंच. हा दुसरा म्हणजे लॉजिकल मॅप. मार्च १९७७ च्या मॅपवर पीडीपी-१०, पीडीपी-११ अशा यंत्रांची नुसती गर्दी आहे आणि सोबत एक टीपही: मिळाली तेवढी चांगली माहिती दिली आहे, अचूकतेचा दावा नाही. नेटवर्क सांभाळलेल्या माणसाला ही टीप वाचून हसू येईल.

ऑफिसांत ही फारकत उशिरा झाली. इथरनेट ही ऑफिसातले कॉम्प्युटर तारेने जोडायची पद्धत; सुरुवातीला तिच्यात एकच जाड कोअ‍ॅक्सिअल केबल फिरवलेली असे आणि यंत्रं तिलाच जोडलेली. केबल कुठून जाते ते काढलं की नेटवर्क काढून झालं. १९९० मध्ये १०बेस-टी या इथरनेटच्या नव्या प्रकाराचं मानक आलं आणि प्रत्येक टेबलापासून हबपर्यंत (सगळ्या वायरी एकत्र येतात त्या पेटीपर्यंत) वेगळी वायर जाऊ लागली. तरी आतला कारभार जुनाच: एकाने पाठवलेलं सगळ्यांपर्यंत पोचायचं.

खरी उलथापालथ केली व्हीएलॅनने, म्हणजे त्याच वायरींवर वेगवेगळी नेटवर्कं पाडायच्या सोयीने. त्याच्या टॅगिंगचं, म्हणजे पॅकेटवर व्हीएलॅनचा नंबर लावायचं, ८०२.१क्यू हे मानक १९९८ चं. एकाच स्विचचे (हबच्या जागी आलेल्या, हव्या त्याच पोर्टवर पॅकेट पाठवणाऱ्या पेटीचे) शेजारचे दोन पोर्ट घ्या, एक व्हीएलॅन १० मध्ये, दुसरा २० मध्ये. वायरी बोटभर अंतरावर, पण एकाचं पॅकेट दुसऱ्याकडे जायचं तर आधी राउटरपर्यंत जाऊन परत यायला हवं. वाटेत फायरवॉल असेल तर कदाचित येणारही नाही. रॅकचा फोटो कितीही स्वच्छ असो, त्यात हे दिसत नाही. म्हणून सबनेट (पत्त्यांनी पाडलेले नेटवर्कचे भाग), गेटवे (त्यांतून बाहेर पडायचं दार), व्हीएलॅन आणि राउटिंग दाखवणारं वेगळं चित्र लागलं.

१९९२ मध्ये आलेल्या व्हिजिओ या आकृत्या काढायच्या सॉफ्टवेअरने ते काढणं सोपं केलं. चित्र जुनं होणं मात्र थांबलं नाही. २००५ मध्ये एलएलडीपी हे उपकरणांनी एकमेकांना ओळख देण्याचं मानक आलं. त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणंही 'या पोर्टवर मी आहे' असं शेजाऱ्याला आपणहून सांगू लागली आणि कोण कुणाला जोडलंय हे सॉफ्टवेअरला गोळा करता येऊ लागलं. अकाउंट्सचा सबनेट वेगळा का ठेवला, ते मात्र अजून कुणीतरी हातानेच लिहितं. किंवा लिहायचं राहून जातं.