वाटी सरकते, पण दोष वाटीत नसतो

पॉमेरेनियन दुडूदुडू धावत असतं. मध्येच मागचा एक पाय पोटाशी घेतं, तीन पायांवर चार पावलं लंगडी घालतं, पाय मागे झटकतं आणि पुन्हा चौखूर उधळतं. घरच्यांना ती लाडिक चाल वाटते. प्रत्यक्षात त्याच्या गुडघ्याची वाटी जागेवरून सरकून परत बसलेली असते.

ही वाटी म्हणजे मांडीच्या स्नायूंना नडगीशी जोडणाऱ्या कंडरेतलं छोटंसं हाड. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला असलेल्या खोबणीत ते वर-खाली घसरतं. शरीरशास्त्रात या खोबणीला जे लॅटिन नाव आहे, त्याचा अर्थच कप्पी. विहिरीवर उभं राहून दोर तिरका ओढला की तो कप्पीवरून उतरतो. इथेही तेच होतं. चिवावा, यॉर्कशायर टेरियर, टॉय पूडल अशा लहान जातींत नडगीवर कंडरा जिथे जोडलेला असतो, तो हाडाचा उंचवटा बहुधा आतल्या बाजूला वळलेला असतो, त्यामुळे वाटी आत ओढली जाते. पिल्लाच्या वाढत्या वयात वाटीचा दाब पडला नाही, तर खोबण उथळच राहते. उथळ खोबणीतून वाटी आणखी निसटते. हा दोष बराचसा आनुवंशिक असल्यामुळे अशा कुत्र्याची पैदास करू नये.

नुसती वाटी ढकलून बसवली की भागत नाही, ते यामुळेच. डॉक्टर हाताने चाचपून दुखण्याच्या चार पायऱ्या ठरवतात. पहिलीत वाटी बोटाने ढकलली तर सरकते, सोडली की परत येते. चौथीत ती कायमची बाहेर असते आणि हाताने बसतच नाही. पहिलीत सहसा ऑपरेशन लागत नाही. वजन आटोक्यात ठेवायचं, गुळगुळीत फरशीवर सतरंजी अंथरायची. लठ्ठ कुत्र्याला तर आधी बिस्किटं बंद, हे माझं स्पष्ट मत. दुसऱ्या पायरीत कुत्रं वारंवार लंगडत असेल तर ऑपरेशनचा विचार होतो, पुढच्या दोन्हींत ते बहुधा करावंच लागतं.

त्यात खोबण खोल करतात. पण खरी मेख दुसरीकडे आहे: नडगीवरचा कंडरा जोडलेला हाडाचा उंचवटा कापून बाहेरच्या बाजूला सरकवतात आणि पिनांनी पक्का करतात. म्हणजे दोर सरळ होतो.

हाड जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर सोफ्यावर उडी नाही, जिना नाही, बाहेर न्यायचं ते पट्टा बांधूनच. कुत्रं विव्हळलं म्हणून घरातली आयब्युप्रोफेन मात्र चुकूनही देऊ नये; कुत्र्यांना ती विषारी ठरते.