उद्योगकल्पनेची चाचपणी

उत्पादन तयार करण्यावर पैसा घालण्याआधी त्याला गिऱ्हाईक आहे का, आणि ते पदरचे पैसे मोजेल का, हे थोडक्या खर्चात तपासण्याची पद्धत. स्टार्टअपवाल्यांच्या बोलण्यात ‘आयडिया व्हॅलिडेट करणे’ हेच रूढ. ‘कल्पना-पडताळणी’ मुख्यतः छापील मजकुरात भेटते.

‘मिनिमम व्हायेबल प्रॉडक्ट’ (एमव्हीपी) ही संज्ञा फ्रँक रॉबिन्सन यांनी २००१ च्या सुमारास घडवली असे सामान्यतः मानतात. तिचा प्रसार स्टीव्ह ब्लँक आणि एरिक रीस यांनी केला, विशेषतः रीस यांच्या २०११ मधील पुस्तकानंतर. दोन्हीकडचा अर्थ मात्र एक नाही. रॉबिन्सन यांच्या लेखी ते कंपनी आणि ग्राहक दोघांनाही परवडणारे, विकण्याजोगे, बेताच्या आकाराचे उत्पादन होय. रीस यांच्या लेखी कमीत कमी श्रमांत ग्राहकांविषयी जास्तीत जास्त शिकवणारी आवृत्ती. दुसऱ्या अर्थाने उत्पादन नसतानाचा प्रयोगही एमव्हीपी ठरतो आणि संज्ञा फार सैल होते. बांधणीपूर्व चाचपणीला अल्बर्टो साव्होया यांनी गूगलमध्ये असताना, साधारण २०१० च्या आसपास, पुढे आणलेली ‘प्रीटोटाइप’ ही संज्ञा अधिक नेमकी बसते.

या प्रकाराचा पूर्वज म्हणून आयबीएममधील ‘ऐकणाऱ्या टंकयंत्रा’चा, म्हणजे बोललेले आपोआप टाइप करणाऱ्या यंत्राच्या नकलेचा, दाखला देतात. कथा सांगोवांगी फिरते, तिचा काळही सैल आहे. प्रसिद्ध शोधनिबंध १९८३ चा असल्याने तोच आधार धरणे बरे. बोललेले शब्द पडद्यावर उमटत. ते टाइप मात्र दुसऱ्या खोलीतला टंकलेखक करी. १,००० आणि ५,००० शब्दांपुरत्या शब्दसंग्रहाचीही नक्कल केली होती, त्यामुळे यंत्र कितपत चांगले असले म्हणजे पुरेल याचाही अंदाज आला. १९९९ मध्ये निक स्विनमर्न यांनी साठा न करता दुकानांतल्या बुटांची छायाचित्रे संकेतस्थळावर टाकून विक्री आजमावली; त्यातूनच झॅपोस ही ऑनलाइन बूटविक्री कंपनी उभी राहिली.

पुण्यात याच्या जवळचे व्यवहार जुने आहेत. प्रकाशकांची ‘प्रकाशनपूर्व सवलत’ हा त्यांतला ठळक. दिवाळीच्या फराळाचेही तसेच: सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘चकली अर्धा किलो, अनारसे पाव किलो’ अशा ऑर्डरी आणि आगाऊ रक्कम जमली की मगच भाजणी दळायला जाते. अर्थात चकली सर्वांना ठाऊक असते, नव्या ॲपची चव कुणी घेतलेली नसते. हे साम्य फार ताणू नये.

चाचपणी फसते ती बहुधा प्रश्नात. सदाशिव पेठेतील स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांना रविवारी रात्री डबा पुरवण्याची कल्पना घेऊ, कारण त्या रात्री अनेक मेस बंद असतात. ‘असे ॲप वापराल का?’ याला ‘हो, मस्त आहे’ हेच उत्तर मिळते. ‘गेल्या रविवारी रात्री काय खाल्लं? किती पैसे गेले?’ यातून काही हाती लागते. त्यानंतर ॲप न बांधता क्यूआर कोड पाठवून वीस डबे आगाऊ विकावेत, स्वयंपाक ओळखीच्या काकूंकडून करून घ्यावा आणि पुढच्या रविवारी त्यांतले किती जण पुन्हा पैसे भरतात ते मोजावे.

वैद्यकीय उपकरणे व जैवतंत्रज्ञानात हे पुरत नाही. तेथे मागणीआधी तांत्रिक शक्यता आणि परवानगी हे प्रश्न येतात. पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ पासून असलेले व्हेंचर सेंटर अशा उद्योगांना साहाय्य करते. बायरॅक या जैवतंत्रज्ञान उद्योगांना मदत करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट’मधून केवळ संकल्पना सिद्ध करण्यासाठी ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते.