प्रोसेसर तापतोय? आधी उष्णता कुठे अडकली ते शोधा

(डेस्कटॉप वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

होळी झाली की दुकानात येणाऱ्या तक्रारींचा सूर बदलतो. ‘मशीन आपोआप बंद पडतं’, ‘सकाळी बरं चालतं, दुपारी रखडतं’, ‘पंखा सारखा घोंघावतो’. अकोल्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, त्यामुळे सगळा दोष उन्हाळ्यावर ढकलणं सोपं जातं. खोलीचं तापमान १० अंशांनी वाढलं की प्रोसेसरचंही जवळपास तेवढंच वाढतं, हे खरं. पण जो प्रोसेसर जानेवारीत त्याच कामाला ६५ अंशांवर असतो, तो मे महिन्यातही निभावून नेतो. जानेवारीतच ८५ वर असलेला मात्र अडकतो. दुखणं जुनंच असतं, ऊन ते वर काढतं.

किती तापला म्हणजे जास्त?

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचं तापमान दिसत नाही. त्यासाठी ‘एचडब्ल्यूइन्फो’ किंवा ‘कोअर टेम्प’ यांपैकी एक मोफत प्रोग्राम त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवून घ्या. मशीन नुसतं चालू असताना ३५ ते ५० अंश नेहमीचे. उन्हाळ्यात ५५ दिसले तरी घाबरू नका. फोटोशॉप, व्हिडिओ एडिटिंग किंवा गेम चालू असताना ७० ते ८५ चालतात. बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणारा मदरबोर्डचा सेटिंगचा पडदा) पाहिलेला आकडा थोडा जास्त येतो, कारण तिथे वीजबचतीच्या सोयी पुरत्या चालू नसतात. त्यावरून निष्कर्ष काढू नका.

इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश असते. एएमडीच्या रायझन ५ ५६०० ची ९०. रायझन ७००० मालिकेतले ७६००एक्स, ७७००एक्स पूर्ण भाराला ९५ अंशांवर जातात ते तसे बनवलेले आहेत म्हणून. तिथे ९५ पाहून धावत यायचं कारण नाही. मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, म्हणून मशीन रखडतं. तरीही भागलं नाही तर तो मशीन बंद करतो. ‘प्रोसेसर जळाला असेल’ असं म्हणत आलेल्या मशीनमध्ये प्रोसेसर बहुधा शाबूत असतो.

मशीन उघडण्याआधी एकदा टास्क मॅनेजर पाहाच. काहीही काम चालू नसताना प्रोसेसरचा वापर ८०-१०० टक्के दिसत असेल, तर आधी ते काम कशाचं आहे ते बघा. विंडोज अपडेट असेल तर थोड्या वेळाने शांत होतं. फुकटात मिळालेल्या क्रॅक सॉफ्टवेअरसोबत आलेला, तुमच्या विजेवर दुसऱ्यासाठी क्रिप्टो नाणी काढणारा प्रोग्राम मात्र कधीच शांत होत नाही. तिथे पंखा बदलून काय होणार?

हाताची परीक्षा

आम्ही दुकानात सर्वांत आधी हीच करतो. मशीन १०-१५ मिनिटं कामाला लावा. तापमान ९० च्या पुढे गेलं की बंद करा, प्लग काढा, कॅबिनेटची बाजूची पट्टी उघडा आणि प्रोसेसरवरच्या हीटसिंकला (पंख्याखालचा, उष्णता ओढून घेणारा धातूच्या पात्यांचा ठोकळा) कडेने क्षणभर बोट लावा.

हीटसिंक चटका देण्याइतका गरम असेल, तर उष्णता प्रोसेसरमधून वर येते आहे, हवा ती नेत नाही. स्क्रीनवर ९५ आणि हीटसिंक जेमतेम कोमट असेल, तर उष्णता वर येतच नाही. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली, उष्णता वर पोहोचवणारी पेस्ट वाळली आहे किंवा हीटसिंक नीट बसलेला नाही. पहिल्या प्रकारात पेस्ट बदलून उपयोग नाही आणि दुसऱ्यात धूळ झटकून.

हीटसिंक गरम असेल तर

पट्टी उघडी ठेवूनच मशीन पुन्हा चालवा. तापमान ८-१० अंशांनी उतरलं तर कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही. कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेल्या मशीनचं हेच होतं. मागची बाजू भिंतीपासून वीतभर दूर ठेवा, कप्प्याचं दार काढून टाका. पट्टी कायमची उघडी ठेवून टेबलफॅन लावणं हा इलाज नव्हे. त्याने चार दिवस बरं वाटतं आणि महिन्याभरात आत दुप्पट धूळ बसते.

पंखा फिरतो का, तेही याच वेळी दिसेल. सुरू होतानाच ‘सीपीयू फॅन एरर’ असा संदेश येत असेल, तर पंखा अडकला आहे किंवा त्याची वायर मदरबोर्डवर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या पिनांवर नाही. एफ१ दाबून रोज पुढे जाणारे ग्राहक आम्हाला भेटतात. कृपया असं करू नका.

आता धूळ. आपल्या भागात ती साधी नसते. डेझर्ट कूलरच्या झोतात ठेवलेल्या मशीनमध्ये ओलसर धूळ हीटसिंकच्या पात्यांमध्ये घट्ट बसते. देवघराजवळच्या मशीनमध्ये तिला उदबत्तीच्या काजळीची जोड मिळते, स्वयंपाकघराजवळ तेलाची. अशी धूळ नुसत्या ब्लोअरने निघत नाही. पंखा सोडवून, पात्यांमधून कोरडा मऊ ब्रश फिरवावा लागतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. हे काम ओट्यावर किंवा अंगणात करा. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, नळीच्या टोकाशी स्थिर वीज साचते. आणि कूलरची दिशा बदला, एवढी विनंती.

हीटसिंक कोमट असेल तर

इंटेलसोबत येणारा पंखा चार प्लॅस्टिकच्या पिनांवर बसतो. दुकान किंवा घर हलवताना त्यातली एखादी सुटते आणि हीटसिंक एका कोपऱ्यात उचलला जातो. हळूच हलवून पाहा, डुगडुगत असेल तर कारण सापडलं. पिना समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या जोडीने दाबायच्या, प्रत्येकीचा ‘टक्’ आवाज आला पाहिजे. नव्या हीटसिंकच्या तळाला चिकटलेली पारदर्शक फिल्म तशीच ठेवून तो बसवलेलाही आम्ही पाहिला आहे.

पिना ठीक असतील तर पेस्ट. चार-पाच वर्षांत ती वाळून भुकटी होते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कपड्याने दोन्ही बाजूंनी पुसा, वाळू द्या आणि मधोमध तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवून हीटसिंक सरळ खाली दाबा. जास्त लावल्याने जास्त थंड होत नाही. टूथपेस्टचे व्हिडिओ पाहून प्रयोग करू नका, ती थोड्याच दिवसांत वाळते.

एएमडीच्या एएम४ (प्रोसेसर बसतो त्या सॉकेटचा एक प्रकार) बोर्डवर एक धोका आहे. वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि खालच्या पिना वाकतात. म्हणून आधी मशीन थोडं तापवा, बंद करून प्लग काढा, मग हीटसिंक डावी-उजवीकडे हलका पिळत सोडवा. हात बसलेला नसेल तर हे काम आमच्याकडे द्या.

लिक्विड कूलर (पंपाने द्रव फिरवून गार करणारा) असेल आणि मशीन सुरू झाल्यावर मिनिटभरात ९० दिसत असतील, रेडिएटर (द्रव गार करणारी जाळी) मात्र गार असेल, तर पंप बंद पडला आहे. तो सहसा दुरुस्त होत नाही, वॉरंटी तपासा.

सगळं ठीक असूनही तापतो?

मग कामाच्या मानाने पंखा लहान आहे. आय७-१२७०० च्या खोक्यावर ६५ वॉट असतात, पण टर्बोमध्ये, म्हणजे जास्त कामासाठी स्वतःचा वेग वाढवताना, तो १८० वॉटपर्यंत ओढतो. लग्नाचे व्हिडिओ रेंडर करणाऱ्या स्टुडिओंना सोबतचा पंखा पुरत नाही, मोठा टॉवर हीटसिंक लागतो. जुन्या मशीनमधला काढून लावण्याआधी विचारा: इंटेलच्या १२व्या पिढीपासून मदरबोर्डवरच्या भोकांमधलं अंतर ७५ वरून ७८ मिलिमीटर झालं आहे.

खर्च टाळायचा असेल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ टक्के करा. बहुतेक मशीनवर टर्बो बंद होतो आणि तापमान चांगलंच उतरतं. टॅली, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म यांना फरक जाणवत नाही. रेंडरिंगला जाणवेल.

तापमान ७० च्या आत असताना मशीन झटक्यात बंद होत असेल, तर प्रोसेसरला सोडा आणि एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) तपासून घ्या. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या मशीनवर गेम किंवा मोठे प्रोग्राम वारंवार कोसळत असतील, तर ती वेगळी गोष्ट. जादा व्होल्टेजमुळे काही प्रोसेसर खराब होत असल्याचं इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं. बायोस अपडेट करून घ्या, बिल शोधून ठेवा. खोक्यासह विकलेल्या अशा प्रोसेसरची वॉरंटी कंपनीने दोन वर्षांनी वाढवली आहे.

आमच्याकडे आणताना

फक्त कॅबिनेट आणा. मॉनिटर, कीबोर्ड नकोत. महत्त्वाच्या फाइलींची प्रत आधी काढून ठेवा. मशीन कोणत्या कामात, किती वेळाने बंद पडतं ते कागदावर लिहून आणलंत तर आमचा अर्धा वेळ वाचतो. हाताची परीक्षा तुमच्यासमोर होईल, त्यानंतरच काय बदलायचं ते सांगू. काम झाल्यावर आधीचं आणि नंतरचं तापमान, दोन्ही बिलावर लिहून मिळेल.